मोटारीचा कारखाना थांबतो तेव्हा

(नवापूरच्या प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



गेल्या शनिवारी आपल्या वर्गात एक गंमत झाली. मी वाचायला जुनी वर्तमानपत्रे आणली होती. एका मावशींनी एका मथळ्यावर बोट ठेवले आणि अक्षराला अक्षर जोडून तो वाचला. मोटारींचे कारखानदार सरकारकडे मदत मागत आहेत, असा तो मथळा होता. वाचून झाल्यावर मावशींनी चष्मा काढला आणि मला विचारले, "गुरुजी, मोटारी करणारे श्रीमंत. मोटारी घेणारेही श्रीमंत. मग मदत कशाला मागतात? आमच्या होड्या बंद असतात तेव्हा आम्ही कुणाच्या दारात जातो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री मला झोप लागेना. प्रश्न सोपा होता, आणि मला त्याचे उत्तर धड देता आले नव्हते. शिवाय या गोष्टीत माझे स्वतःचे एक देणे आहे. ते पुढे सांगेन.

मी कोणी मोठा जाणकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. पण वर्तमानपत्र रोज वाचतो आणि कात्रणे ठेवतो. आठवडाभर ती कात्रणे काढून बसलो. त्यांतून जे समजले ते आज सांगतो. मध्ये काही अडले तर हात वर करा.

आधी आपल्या गावापासून सुरुवात करू. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. मग फक्त तांडेल आणि खलाशीच घरी बसतात का? नाही. बर्फाच्या कारखान्याचे काम कमी होते. मासळी नेणाऱ्या टेम्पोला भाडे मिळत नाही. टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसणाऱ्या बाईची टोपली रिकामी राहते. चहाच्या टपरीवर पहाटेची गर्दी नसते. किराणा दुकानात उधारीची वही भरू लागते. एक होडी थांबली की तिच्यामागे दहा घरे थांबतात.

मोटारीच्या कारखान्याचे असेच आहे. फरक इतकाच, की तेथे दहा घरांच्या जागी हजारो घरे असतात.

एका मोटारीत हजारो लहानमोठे भाग असतात. ते सगळे मोठ्या कारखान्यात होत नाहीत. पुण्याजवळ पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण येथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत, आणि त्यांच्या आसपास लहान लहान वर्कशॉपे आहेत. कोणी नट करतो, कोणी स्प्रिंग, कोणी पत्र्याचा दाबलेला भाग, कोणी रबराची नळी. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे फाउंड्री आहेत. म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतण्याचे कारखाने. तेथला ओतीव माल गाड्यांच्या इंजिनांत जातो. आपल्या तारापूरच्या वसाहतीतही पोलादाचे काम चालते. (त्या वसाहतीचे पाणी आपल्या नवापूरच्या समुद्रात कसे सोडले जाते, त्यावर एकदा वेगळे बोलायचे आहे. आज नको.)

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मोठा कारखाना हे भाग गोदामात भरून ठेवत नाही. आज लागणारा माल आज येतो, उद्याचा उद्या. त्यामुळे मोठ्या कारखान्याचे गेट बंद झाले, की भोसरीतल्या शेडमधले लेथ मशीन त्याच दिवशी थांबते. शेडच्या मालकाजवळ फार साठवण नसते. त्याच्यावर बँकेचे कर्ज असते. तो पहिल्यांदा काय करतो? ठेकेदाराला फोन करतो आणि सांगतो, "माणसे कमी कर."

ही झाली साखळी. ती का तुटते ते पाहू.

मालट्रक कोण घेतो? ज्याला माल वाहायचा आहे तो. देशात सिमेंट, पोलाद, कापड यांची ने-आण कमी झाली, की जुनेच ट्रक उभे राहतात. मग नवा कोण घेणार? दुसरी गोष्ट. रोख पैसे मोजून गाडी घेणारा विरळा. आपल्या गावातले टेम्पो पाहा. एक तरी रोखीने घेतला आहे का? सारे हप्त्यावर. म्हणजे कर्ज मिळाले तर गाडी विकली जाते. कर्ज देणाऱ्याने हात आखडला, की गाडी दुकानात पडून राहते. दुकान भरले की कारखान्याचे अंगण भरते. अंगण भरले की काम थांबवावे लागते.

2008 साली असेच झाले. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली. तेथे लोकांना घरांसाठी वाटेल तशी कर्जे दिली होती, ती परत येईनात. बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला. त्याची झळ साऱ्या जगाला लागली. आपल्याकडेही कर्जे महाग झाली आणि मिळेनाशी झाली. त्या वर्षाच्या शेवटी मोठ्या ट्रकांची विक्री आदल्या वर्षाच्या निम्म्याखाली आली. टाटा मोटर्सने नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये जमशेदपूरचे व पुण्याचे काम काही काही दिवस बंद ठेवले. पुण्याकडचे कामगार याला 'ब्लॉक क्लोजर' म्हणतात. कारखाना कायमचा बंद नव्हे. तीन दिवस, पाच दिवस, सहा दिवस गेट बंद.

कायम कामगार अशा वेळी अगदीच उघड्यावर पडत नाही. ते दिवस कधी त्याच्या रजेतून वजा होतात. कधी पुढे सुट्टीच्या दिवशी काम करून भरून द्यावे लागतात. काम नाही म्हणून घरी बसवले, तर त्याला कायद्याचा आधार आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात नियम होता, की पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात एक वर्ष काम झालेल्या माणसाला असे बसवले, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तिच्यातही निम्म्याचा नियम आहे. पण त्यासाठी कारखान्याच्या हजेरीपटावर तुमचे नाव पाहिजे. हा हजेरीपट शब्द ध्यानात ठेवा.

आता मदतीकडे येऊ. अमेरिकेची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

डेट्रॉइट हे तिकडचे मोटारींचे शहर. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या तेथल्या तीन बड्या कंपन्या. नोव्हेंबर 2008 मध्ये तिघींचे प्रमुख राजधानी वॉशिंग्टनला गेले. सरकारकडे त्यांनी 2,500 कोटी डॉलर मागितले. मागायला गेले ते कसे? प्रत्येक जण आपापल्या कंपनीच्या खास विमानाने! लोकप्रतिनिधींनी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. भिक्षा मागायला पालखीतून आलात का, अशा अर्थाची बोलणी त्यांना ऐकावी लागली. डिसेंबरात ते पुन्हा गेले, तेव्हा मुकाट्याने मोटारीत बसून गेले.

अखेर 19 डिसेंबर 2008 रोजी अध्यक्ष बुश यांनी 1,740 कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले. ते जनरल मोटर्स आणि क्रायसलर यांच्यासाठी होते. फोर्डने हे कर्ज घेतले नाही. कारण 2006 सालीच फोर्डने आपली मालमत्ता गहाण टाकून बँकांकडून मोठी रक्कम उचलली होती. गाडीवर फोर्ड नावाची जी निळी निशाणी असते ना, तीसुद्धा गहाण होती. आपल्याकडे अडचणीला मंगळसूत्र गहाण पडते, तसे झाले.

पुढे ओबामा अध्यक्ष झाले. कंपन्यांनी सुधारणेचा आराखडा दिला तो त्यांना पसंत पडला नाही. जनरल मोटर्सच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागली. 1 जून 2009 रोजी त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकार तिचे मोठे भागीदार झाले. त्या एका कंपनीत सरकारने सुमारे 4,950 कोटी डॉलर घातले. 2013 च्या डिसेंबरात सरकारने आपले शेवटचे भाग विकले, तेव्हा हिशेब झाला. परत आले सुमारे 3,900 कोटी. म्हणजे हजार कोटींहून जास्त डॉलर बुडाले. ते कोणाचे? तिथल्या कर भरणाऱ्या लोकांचे. कंपनी मात्र उभी राहिली, पुष्कळ नोकऱ्याही टिकल्या. काही कारखाने बंद झाले, गाड्या विकणारी पुष्कळ दुकाने मिटली, आणि कामगारांनाही आपल्या हक्कांतले काही सोडावे लागले. चांगले झाले की वाईट, यावर तेथे लोक अजून वाद घालतात.

पण त्या मदतीची एक गोष्ट मला पटली. पैसे देताना अटी घातल्या, आणि शेवटी हिशेब लोकांपुढे मांडला.

आपल्या सरकारने दुसरी वाट धरली. कारखानदाराच्या हातावर नोटा ठेवल्या नाहीत, कर कमी केला. 7 डिसेंबर 2008 रोजी मालावरचे उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवले. जानेवारी 2009 मध्ये आणखी दोन गोष्टी केल्या. शहरांना नव्या बसगाड्या घेण्यासाठी राज्यांना पैसे दिले. आणि तीन महिन्यांत जो व्यापारी नवा ट्रक किंवा बस घेईल, त्याला पन्नास टक्के घसारा मिळेल असे जाहीर केले.

घसारा म्हणजे काय? हा शब्द फळ्यावर लिहितो. घ, सा, रा. तुम्ही नवे जाळे घेता. समजा, दहा हजारांचे. वर्षभर वापरल्यावर ते दहा हजारांचे राहते का? फाटते, झिजते, खारे पाणी त्याला खाते. जी किंमत कमी झाली तो घसारा. व्यापाऱ्याला नफ्यावर कर भरावा लागतो. कर मोजताना सरकार म्हणते, तुझी गाडी झिजली तेवढी रक्कम नफ्यातून वजा कर, उरलेल्यावर कर भर. आता सरकार म्हणाले, गाडीची निम्मी किंमत पहिल्याच वर्षी झिजली असे धर. म्हणजे यंदाचा कर बराच कमी झाला. पुढच्या वर्षांत झीज कमी धरायची आणि कर जास्त भरायचा. पण व्यापाऱ्याला आज गाडी घ्यायला हुरूप येतो. गाडी खपली की कारखाना चालतो. युक्ती वाईट नव्हती. 2009 सालात विक्री पुन्हा वर आली.

एक गोष्ट सांगायची राहिली. 2008 च्या जूनमध्ये टाटा मोटर्सने इंग्लंडच्या जग्वार आणि लँड रोव्हर या गाड्यांचा धंदा फोर्डकडून 230 कोटी डॉलरना विकत घेतला होता. घेतला आणि मंदी आली. तेव्हा आपल्या मुंबईची ही कंपनी कर्जाच्या हमीसाठी इंग्लंडच्या सरकारशी बोलणी करत होती. बोलणी लांबली, शेवटी कंपनीने ती सोडली आणि बँकांकडूनच पैसे उभे केले. ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले, त्यांच्या कारखान्यांसाठी त्यांच्याच सरकारच्या दारात मुंबईची कंपनी! वाचताना मला मौज वाटली होती.

आता 2019 सालाकडे येतो. माझे देणे या सालचे आहे.

माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही, तुमच्यातले पुष्कळ जण त्याला ओळखतात. बाप खलाशी. बापाची इच्छा, मुलाने होडीवर यावे. मी त्याच्या घरी जाऊन बसलो. म्हणालो, "दर्याचा काय भरवसा? पोराला आयटीआय करू द्या. मोटारीच्या कारखान्यात लागेल. महिन्याच्या महिन्याला पगार येईल." बाप माझा मान ठेवणारा. त्याने ऐकले. मुलगा फिटर झाला आणि चाकणला गेला. मोठ्या कारखान्यात नाही, त्याला भाग पुरवणाऱ्या एका वर्कशॉपात, ठेकेदारामार्फत. दिवाळीला पेढे घेऊन आला. पुढच्या वर्षी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. मी गावभर सांगत सुटलो, माझा विद्यार्थी मोटारी करतो!

तिकडे काय चालले होते पाहा. जुलै 2018 मध्ये सरकारने ट्रकांना जास्त वजन न्यायची परवानगी दिली. तेवढाच माल कमी ट्रकांत मावू लागला. मग नव्या ट्रकांची गरज घटली. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस नावाची मोठी वित्तसंस्था कर्ज फेडू शकली नाही. त्यामुळे हप्त्यावर गाड्या देणाऱ्या फायनान्स कंपन्यांनाच पैसे मिळेनात. त्याच महिन्यापासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि मोटारसायकलला पाच वर्षांचा विमा एकदम भरणे सक्तीचे झाले. गाडी घेण्याचा खर्च वाढला. 1 एप्रिल 2020 पासून कमी धुराच्या नव्या पद्धतीच्याच गाड्या विकायच्या होत्या, म्हणून बरेच लोक थांबून राहिले. ऑगस्ट 2018 मध्ये देशात सुमारे 2 लाख 87 हजार मोटारी खपल्या होत्या. ऑगस्ट 2019 मध्ये सुमारे 1 लाख 96 हजार. वजाबाकी तुम्ही करा. टाटा, महिंद्र यांच्यासारख्या कंपन्यांनी पुन्हा काही दिवस काम बंद ठेवले.

त्या ऑगस्टमध्ये एका शनिवारी संध्याकाळी ठेकेदाराने माझ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्याबरोबरच्या पोरांना सांगितले, "सोमवारपासून येऊ नका. बोलावले की या." गेटवर ओळखपत्र काढून घेतले. पंधरा दिवस त्याने वाट पाहिली. खोलीचे भाडे अंगावर चढू लागले. फोन आला नाही. एका रात्री पिशवी घेऊन तो घरी आला.

सकाळी त्याचा बाप माझ्याकडे आला. रागावला नाही. नुसता म्हणाला, "गुरुजी, आता काय करायचे?" तो रागावला असता तर बरे झाले असते.

मी मुलाला बोलावले. विचारले, "नेमणुकीचे पत्र आहे?" नाही. "पगाराची चिठ्ठी?" कधी मागितली नाही, पैसे बँकेत येत होते. "पीएफ कापत होते?" हो, ठेकेदार म्हणायचा, कापतो. आम्ही बोईसरला जाऊन संगणकावर खाते पाहिले. चौदा महिने पीएफ कापला होता. भरला होता पाच महिन्यांचा. मोठ्या कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नव्हतेच. वर्कशॉपवाला म्हणाला, तो माझा माणूस नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार फोन उचलीना.

कायदा असा की, पीएफ ठेकेदाराच्या माणसालाही लागू असतो. ठेकेदाराने भरला नाही तर ज्याच्या कारखान्यात काम केले त्याच्यावर जबाबदारी येते. पगार बुडवला तरी तसेच. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी त्यानंतर शिकलो. आम्ही अर्ज लिहिले. मी मजकूर सांगितला, त्याने अक्षर चांगले म्हणून लिहून काढले. बऱ्याच महिन्यांनी काही रक्कम आली, काही राहिली. तोपर्यंत मोटारसायकलीचे हप्ते थकले होते. एके दिवशी फायनान्सची माणसे आली आणि गाडी घेऊन गेली. सारी आळी पाहत होती.

येथे मला मावशींचा प्रश्न पुन्हा आठवतो. मोटारी करणारे श्रीमंत आणि घेणारेही श्रीमंत, असे त्या म्हणाल्या. पण हा मुलगा गाडीचे भाग करत होता आणि हप्त्यावर गाडी घेतही होता. त्याचे काम गेले, त्याबरोबर कारखान्याचे एक गिऱ्हाईक गेले. अशी हजारो पोरे घरी गेली म्हणजे गाड्या आणखीच कमी खपणार. मंदी अशी स्वतःच स्वतःला वाढवते.

त्या वेळी सरकारने काय केले? 23 ऑगस्ट 2019 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी काही सवलती जाहीर केल्या. नव्या गाडीवर जास्त घसारा दिला. सरकारी खात्यांना नव्या गाड्या घेण्याची बंदी होती, ती उठवली. नोंदणीचे शुल्क वाढणार होते ते पुढे ढकलले. 20 सप्टेंबरला कंपन्यांच्या नफ्यावरचा कर बराच उतरवला. कारखानदारांची मोठी मागणी मात्र वेगळी होती. गाड्यांवर 28 टक्के जीएसटी होता तो 18 टक्के करा, असे ते म्हणत होते. त्याच 20 सप्टेंबरला गोव्यात जीएसटी परिषदेची बैठक झाली. तेथे ही मागणी मान्य झाली नाही. हा कर केंद्राला आणि राज्यांना दोघांना लागतो. त्यातूनच शाळा, रस्ते, दवाखाने चालतात. कर उतरवला की कुठेतरी खड्डा पडतोच.

ही मागणी पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून पुरी झाली. लहान मोटारी, लहान मोटारसायकली, मालट्रक, बस, तीन चाकी रिक्षा आणि टेम्पो यांचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पाटी घ्या. करापूर्वी पाच लाखांचा टेम्पो. 28 टक्क्यांनी कर किती? एक लाख चाळीस हजार. 18 टक्क्यांनी? नव्वद हजार. फरक पन्नास हजार. हा फरक तुमच्या हाती आला का, हे बिल वाचून पाहायचे. बिलावर कराचा आकडा वेगळा छापलेला असतो.

तेव्हा मावशी, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर असे. मोटारवाल्यांना मदत मिळते ती पुष्कळदा कर सोडून मिळते. तुमच्याही घरी तशी मदत येते. होडीच्या डिझेलवरचा राज्याचा कर मच्छीमार सोसायटीमार्फत परत मिळतो ना? तो परतावा वेळेवर येत नाही म्हणून तुम्ही कुरकुर करता. तो परतावा आणि ही सवलत एकाच जातीची. म्हणून श्रीमंतांना कशाला, असे एकदम म्हणता येत नाही. कारखाना बुडाला तर मालक मुंबईत राहील, खलाशाचा मुलगा पिशवी घेऊन येथे येईल.

उरलेले निम्मे उत्तर मात्र तुमच्या बाजूचे आहे. 2019 च्या सवलतींत एकही अट अशी नव्हती, की सवलत घ्याल तर ठेकेदाराच्या माणसांना असे काढू नका. मदत वरून सोडली. मोठ्या कारखान्यापर्यंत आली, तेथून थोडी वर्कशॉपाच्या मालकापर्यंत झिरपली. माझ्या विद्यार्थ्यापर्यंत काही आली नाही. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, तेव्हा आपण पाटात पाणी वाढवा म्हणतो, की मधली बांध-बंदिस्ती पाहतो? माझे मत विचाराल तर मदत करावी, पण पैसे देताना अट घालावी आणि शेवटच्या माणसाची नोंद मागावी.

आणि मदत मिळालेली कंपनी राहतेच असेही नाही. ज्या जनरल मोटर्सला अमेरिकेने वाचवले, तिने 2008 सालीच पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना काढला होता. 2017 च्या अखेरीस तिने आपल्या देशात गाड्या विकणे थांबवले. डिसेंबर 2020 मध्ये तळेगावचे कामही थांबले. कामगारांच्या संघटनेने भांडण मांडले, प्रकरण कोर्टात गेले. 2023 मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीने केला. इमारतीला आणि यंत्रांना नवा धनी मिळाला. जुन्या कामगारांना मात्र आपला हक्क भांडून मागावा लागला. पण ते कायम कामगार होते, हजेरीपटावर त्यांची नावे होती, म्हणून कोर्टाच्या पायरीपर्यंत तरी जाता आले.

माझा विद्यार्थी आता आपल्याच किनाऱ्यावर होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. ट्रकाच्या जातीचीच इंजिने, ती त्याला चांगली कळतात. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा त्याला सर्वांत जास्त काम असते. बाप खूश आहे. मला भेटला की चहा पाजतो. मी मात्र त्याच्या डोळ्याला डोळा लावायला अजून कचरतो. चाकणला जा असे सांगितले, याचे मला वाईट वाटत नाही. मी त्याला तीसपर्यंत पाढे पाठ करून घेतले, नद्यांची नावे घोकून घेतली, पण पगाराची चिठ्ठी कशी वाचायची ते एक दिवसही शिकवले नाही. ते माझे देणे.

म्हणून पुढच्या शनिवारी पुस्तक बाजूला ठेवू. तारापूरच्या वसाहतीत जाणाऱ्यांनी आपली पगाराची चिठ्ठी आणावी. ज्यांची मुले बाहेरगावी कामाला आहेत त्यांनी मुलांकडून फोनवर मागवून घ्यावी. ज्यांना चिठ्ठी मिळत नाही त्यांनी नुसते बँकेचे पुस्तक आणावे. आपण एकेक ओळ वाचू. मूळ पगार कुठला, भत्ता कुठला, पीएफ किती कापला, ठेकेदाराचे नाव कोणते आणि कारखान्याचे नाव कोणते. चिठ्ठी मागायचा अर्ज कसा लिहायचा तेही फळ्यावर लिहून देईन. मावशी, तुमचा नातू बोईसरला कामाला लागला आहे ना? त्यालाही घेऊन या. आणि चष्मा विसरू नका, अक्षर फार बारीक असते.